मूल गणितात नेमकं कुठे अडलंय? पहिली ते पाचवीच्या मुलांना शिकवायला बसणाऱ्यांसाठी

चौथीतलं मूल भागाकारात अडलं की घरात भागाकाराचीच आणखी वीस गणितं घातली जातात. दुखणं बहुतेक वेळा तिथे नसतंच. मूल भागाकार करताना मधली वजाबाकी चुकवत असतं. वजाबाकी चुकते, कारण ५२ म्हणजे पाच दशक आणि दोन सुटे हे त्याच्या हाताला कधी लागलेलंच नसतं. प्राथमिक गणितात वरची पायरी खालच्या पायरीवर पुरती रेललेली असते. म्हणून इयत्ता आणि पुस्तकाचं पान बाजूला ठेवा. मूल कुठल्या पायरीवर पक्कं उभं आहे ते आधी शोधा आणि शिकवायला तिथून सुरुवात करा. आपल्या मुलाला घरी घेऊन बसणारे आईबाबा, वस्तीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी शिकवणारी कॉलेजची मुलं, नव्याने वर्गावर आलेले शिक्षक, सगळ्यांनाच हे लागू आहे.

साधारण अपेक्षा किती धरायची? ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या केंद्राच्या निपुण भारत अभियानात ती सोप्या शब्दांत दिली आहे. पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि साधी बेरीज-वजाबाकी जमावी. दुसरीअखेर ९९९ पर्यंतच्या संख्या आणि ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी, तिसरीअखेर ९९९९ पर्यंतच्या संख्या आणि गुणाकाराची साधी उदाहरणं. ही किमान पातळी आहे. तुमचं मूल हिच्या मागे असेल तर घाबरू नका, पण पुढच्या इयत्तेचं पुस्तक मात्र तूर्त मिटून ठेवा.

आधी एक डबा भरा

साहित्य महाग लागत नाही आणि दहा बाय दहाच्या खोलीतही मावतं. शंभर आइस्क्रीमच्या काड्या आणि पंधरा-वीस रबर बँड घ्या. दीडेकशे चिंचोके किंवा राजमा घ्या. घरात चार वर्षांच्या आतलं भावंड असेल तर चिंचोक्यांऐवजी मोठी बटणं वापरा, नाहीतर दाणा नाकात जायचा. शंभर मण्यांची एक माळ ओवा: दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे. दोन फासे लागतील. दहाच्या दहा नोटा आणि एक रुपयाची वीस नाणी हवीत. खऱ्या पैशांची जोखीम वाटत असेल तर कागदाची कापा.

पैशांबद्दल जरा थांबून सांगायला हवं. आताच्या मुलांनी दुकानात सुटे पैसे मोजताना कुणाला फारसं पाहिलेलंच नाही. आई मोबाइल पुढे करते, टिंग असा आवाज होतो, व्यवहार संपतो. पूर्वी वाण्याकडे पाठवलेल्या पोराला उरलेले पैसे मोजताना जे गणित आपोआप यायचं, ते आता मुद्दाम घडवून आणावं लागतं. आठवड्यातून दोनदा तरी मुलाच्या हाती रोख पन्नास रुपये देऊन खालून कोथिंबीर-लिंबू आणायला पाठवा आणि किती उरले ते त्यालाच सांगू द्या.

याशिवाय आकड्यांचे पट्टीकार्ड करा. १ ते ९ ची नऊ छोटी कार्डं, १० ते ९० ची त्याच्या दुप्पट रुंदीची, १०० ते ९०० ची तिप्पट रुंदीची. ३०० च्या कार्डावर उजवीकडच्या कडेला ५ चं कार्ड ठेवलं की ३०५ दिसतं. हे कार्ड पुढे फार उपयोगी पडणार आहे.

पंधरा मिनिटांची चाचणी

'प्रथम' ही संस्था १९९५ मध्ये मुंबईतल्या वस्त्यांमध्ये सुरू झाली. मुलांना वाचता किती येतं आणि गणित किती येतं हे तपासणारं त्यांचं 'असर' सर्वेक्षण २००५ पासून होतं. त्यातली गणिताची तपासणी एका कागदावर मावते: एक अंकी संख्या ओळखणं, दोन अंकी संख्या ओळखणं, दशक सुटा करावा लागेल अशी दोन अंकी वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भाग. मूल या चारांपैकी जिथे थांबतं, ती त्याची पातळी. तुम्ही थोडं अधिक बारकाईने बघू शकता.

मुलाला शेजारी बसवा, समोर नको. तेरा चिंचोके विस्कटून ठेवा आणि मोजायला सांगा. मोजून झाल्यावर विचारा, "किती आहेत?" मग म्हणा, "मला नऊ दे." मग तोंडी आठ आणि पाच. उत्तराइतकंच ते कसं काढलं तेही बघा. मग ७, १२, ३०, ४६, ६४, ७९ वाचायला द्या. लिहायला सांगा: सदतीस, त्र्याहत्तर, एकोणसाठ, एकशे पाच. मग कागदावर ४७ + २८ आणि ५२ − २७. मग ६ × ४ चं चित्र काढायला सांगा. शेवटी ६१५ ÷ ३. लागोपाठ दोन ठिकाणी मूल अडलं की थांबा, पुढचं विचारू नका. "अगं, हे नाही येत?" असं तोंडातून निघू देऊ नका. चुकलं तरी "हे कसं केलंस ते सांग" एवढंच म्हणा आणि त्याचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहून घ्या.

पहिली पायरी: मोजणं

शंभरपर्यंत घडाघडा म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. रॉशेल गेल्मन आणि रँडी गॅलिस्टेल या संशोधकांनी १९७८ मध्ये मोजणीमागची तत्त्वं मांडली. त्यातली तीन तुम्हाला रोज दिसतील: एका वस्तूला एकच शब्द, शब्दांचा क्रम पक्का, आणि शेवटी उच्चारलेला शब्द म्हणजेच सगळ्यांची संख्या. तिसरं तत्त्व मुलाला आलंय का ते ओळखायची खूण सोपी आहे. तेरा मोजून झाल्यावर "किती?" विचारलं की जे मूल पुन्हा एकपासून मोजायला लागतं, त्याला ते अजून आलेलं नाही. त्याच्यासाठी "मोज" हा हुकूम झाला, "किती" हा प्रश्न अजून झालेला नाही.

मोजायला सांगण्यापेक्षा काढून द्यायला सांगणं अवघड असतं. ढिगातून "सात दे" म्हटल्यावर कुठे थांबायचं हे लक्षात ठेवावं लागतं. म्हणून ताटं मांडताना चमचे, जिन्याच्या पायऱ्या, प्लॅटफॉर्मवर थांबलेल्या लोकलचे डबे अशी मोजणी भरपूर करून घ्या. डबे मोजताना बारा की पंधरा हे मुलालाच ठरवू द्या. फाशावरचे पाच ठिपके न मोजता एका नजरेत 'पाच' दिसायला लागले की या पायरीवर फार रेंगाळू नका.

दुसरी पायरी: दहाच्या आत खेळणं

आठ आणि पाच मूल तीन प्रकारे करतं. आधी आठ चिंचोके, मग पाच चिंचोके, मग सगळे एकपासून मोजून तेरा. पुढे आठ मनात धरून नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा. आणि त्याच्याही पुढे आठला दोन देऊन दहा, वर तीन. पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर ओढू नका, मधला टप्पा लागतोच. त्या मधल्या टप्प्यात एक ठरावीक चूक होते: ८ + ३ ला मूल "आठ, नऊ, दहा" म्हणून १० सांगतं. ते सुरुवातीचा आठही मोजतं. उपाय असा: आठ चिंचोके वाटीखाली झाका, वाटीवर टिचकी मारून "आठ" म्हणा आणि बाहेरच्या चिंचोक्यावर बोट ठेवल्याशिवाय पुढचा शब्द नाही.

बोटांवर मोजायला बंदी करू नका. ती केली की मूल टेबलाखाली मोजतं, एवढाच फरक पडतो. बोटं सुटतात ती दहाच्या जोड्या पाठ झाल्यावर: नऊ-एक, आठ-दोन, सात-तीन, सहा-चार, पाच-पाच. रोज पाच मिनिटं दहा चिंचोक्यांपैकी काही मुठीत लपवायचे, उरलेले दाखवायचे आणि मुठीत किती ते विचारायचं. दोन-तीन आठवडे हे नेमाने केलंत तर पुढची निम्मी बेरीज सोपी होते.

तिसरी पायरी: एकवीस ते नव्याण्णव

मराठी मुलाची खरी कसोटी इथे लागते आणि मोठ्यांना तिचा पत्ताही नसतो, कारण आपल्याला हे शब्द लहानपणापासून तोंडपाठ आहेत. सदतीस या शब्दात सात आधी ऐकू येतात, तीस नंतर. लिहिताना मात्र तीन आधी. म्हणून ३७ चं ७३ होतं. त्यात दशकाच्या प्रत्येक घरात सातचं रूप वेगळं: सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट, सत्त्याहत्तर, सत्त्याऐंशी, सत्त्याण्णव. दशकंही वेश बदलतात. पन्नासचं कुठे 'पन्न' होतं कुठे 'वन्न', साठचं 'सष्ट', सत्तरचं 'हत्तर'. आणि एकोण! एकोणसाठ म्हटलं की कानावर साठ येतं, म्हणून मूल ६९ लिहून मोकळं होतं. साठला एक कमी असा त्या शब्दाचा अर्थ आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ सात' असं संख्यावाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे मुलं संख्यांना बिचकतात. चेष्टा खूप झाली. पण शिकवायला बसल्यावर कळतं की दोन्ही हवेत: आधी 'साठ सात', मग लगेच 'म्हणजेच सदुसष्ट'. जुने शब्द टाकून चालणार नाहीत, आजीशी आणि भाजीवाल्याशी बोलायचं आहे. पण शब्दाच्या आत काय दडलंय ते उलगडून दाखवायला हवंच.

मुंबईत गुंता आणखी वाढतो. घरी सत्तेचाळीस, खाली फळवाला सैंतालीस म्हणतो आणि शाळेत फॉर्टी सेव्हन. महापालिकेच्या शाळाच आठ माध्यमांच्या आहेत, त्यामुळे एकाच चाळीत चार प्रकारे मोजणारी मुलं भेटतात. सेमी इंग्रजीच्या वर्गात तर मराठी मूल गणित इंग्रजीतून शिकतं. अशा वेळी मूल ज्या भाषेत शाळेत गणित करतं ती शिकवताना मुख्य धरा आणि दुसऱ्या भाषेतला शब्द जोडीला सांगत जा. "आपण मराठी आहोत, मराठीतच सांग" हा हट्ट गणिताच्या तासाला नको. तो जेवणाच्या ताटावर पुरा करा. अंकांच्या आकाराकडेही लक्ष असू द्या: आपला ४ इंग्रजी आठसारखा दिसतो आणि आपला १ इंग्रजी नऊसारखा. दोन्ही लिप्या शिकणाऱ्या मुलाची ही चूक गणिताची नसते, त्यावर लाल रेघ मारू नका.

शिकवायचा क्रम असा ठेवा. आधी फक्त दशकं: दहा, वीस, तीस, थेट नव्वदपर्यंत, काड्यांचे गठ्ठे दाखवत. मग वीसचं घर, मग तीसचं. एका घराला तीन-चार दिवस. एकोणवाल्या संख्या त्या त्या घरात घेऊ नका, सगळ्या एकदम शेवटी घ्या. साठ काड्या मोजा, एक काढून घ्या आणि उरलेल्यांना एकोणसाठ म्हणा. नव्याण्णव तेवढी सरळ आहे. प्रत्येक संख्या तीन तऱ्हांनी यायला हवी: गठ्ठे आणि सुट्या काड्या, तोंडी नाव, पट्टीकार्ड. तुम्ही एक दाखवा, मुलाने बाकीच्या दोन करायच्या.

एका गोष्टीवर नजर ठेवा. काही मुलं सदतीस ऐकून आधी उजवीकडे ७ लिहितात आणि मग डावीकडे जागा शोधून ३ घालतात. वहीत उत्तर बरोबर दिसतं, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही. मोबाइलवर किंवा कॅल्क्युलेटरवर तीच संख्या टाकायला सांगा, लगेच ७३ उमटेल.

चौथी पायरी: शून्याची जागा

एकशे पाच हे १००५ असं लिहिणारं मूल तर्कशुद्ध चालत असतं. त्याने शंभर लिहिले, मग पाच लिहिले. इथे पट्टीकार्ड कामाला येतं: १०० वर ५ ठेवला की शेवटचं शून्य झाकलं जातं आणि मधलं उरतं. मधलं का उरलं? कारण दशक एकही नाही.

मुंबईच्या मुलासाठी याहून चांगलं उदाहरण इमारतीतच टांगलेलं असतं. फ्लॅट नंबर ७०४. सात म्हणजे सातवा मजला, ०४ म्हणजे त्या मजल्यावरचं चौथं घर. शून्य काढून टाकलं तर ७४ होतं आणि पोस्टमन गोंधळतो. मात्र हे उदाहरण शून्याने जागा धरून ठेवण्यापुरतंच वापरा. मजल्यावर शंभर घरं नसतात, त्यामुळे 'दहा सुट्यांचा एक गठ्ठा' हे त्यातून कळत नाही. ते काड्यांनीच कळेल. दहा गठ्ठ्यांना मोठा रबर लावून शंभराचा भारा मुलाला स्वतःच्या हाताने बांधू द्या. तयार बांधलेला भारा देऊ नका. बांधण्यातच सगळं शिकणं आहे.

पाचवी पायरी: हातचा

बिनहातच्याच्या बेरजा-वजाबाक्या दोन महिने घोटून मग हातच्याकडे वळायचा प्रघात आहे. तो चुकीचा वाटतो. तोवर मुलाला सवय लागते की उजवीकडची उभी ओळ एक गणित आणि डावीकडची दुसरं. मग ४७ + २८ चं उत्तर ६१५ येतं: चार आणि दोन सहा, सात आणि आठ पंधरा. बिनहातच्याला आठवडाभर पुरे.

६१५ आलं की चूक दाखवू नका. विचारा, "पन्नास आणि तीस किती?" ऐंशी. "मग सहाशे कसे?" अंदाज आधी घ्यायची सवय लागली की अर्ध्या चुका मूल स्वतःच पकडतं. मग चार गठ्ठे सात काड्या आणि दोन गठ्ठे आठ काड्या एकत्र करा. पंधरा सुट्या झाल्या, त्यातल्या दहांना रबर. हातचा एक म्हणजे हा रबर लावलेला गठ्ठा. तो दशकांच्या ओळीत का जातो हे मग सांगावं लागत नाही.

वजाबाकीतली नेहमीची चूक म्हणजे ५२ − २७ = ३५. मुलाने दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन वजा केले. 'मोठ्यातून लहान वजा करायचा' असं आपणच कधीतरी सांगितलेलं असतं. काड्या घ्या: पाच गठ्ठे, दोन सुट्या. "मला सात दे." देता येत नाहीत. एक गठ्ठा सोडा. आता चार गठ्ठे, बारा सुट्या. सात दिल्या, पाच उरल्या. दोन गठ्ठे दिले, दोन उरले. पंचवीस. आता हेच कागदावर: ५ खोडून वर ४, २ च्या जागी १२. काड्या आणि कागद एकाच वेळी, एकेक पाऊल बरोबर टाकत. आधी सगळ्या काड्या आणि मग सगळा कागद असं केलं तर दोन्ही सुटे राहतात.

इथे घरात एक भांडण होतं, त्याची कल्पना असू द्या. बऱ्याच आजी-आजोबांची पद्धत वेगळी असते: "बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन." म्हणजे वरचा गठ्ठा न सोडता खालच्या दशकात एक मिळवायचा. उत्तर तेच येतं आणि पद्धतही बरोबर आहे, कारण दोन्ही संख्यांत दहा-दहा वाढवले की फरक बदलत नाही. पण तिसरीच्या मुलाला एकाच आठवड्यात दोन्ही दाखवल्या तर ते वरूनही एक कमी करतं आणि खालीही एक वाढवतं, आणि उत्तर १५ येतं. आधी शाळेची पद्धत पक्की करा, आजोबांची नंतर गंमत म्हणून दाखवा.

शून्य मध्ये आलं की सगळे धडपडतात. ४०३ − १६७ मध्ये तीनाला दशकाकडे मागायला जावं तर तिथे काहीच नाही. इथे चारशे तीनकडे चाळीस दशक आणि तीन सुटे म्हणून बघायला शिकवा. चाळीसातला एक दशक सोडला: एकोणचाळीस दशक, तेरा सुटे. तेरातून सात गेले सहा, एकोणचाळीसातून सोळा गेले तेवीस. २३६. दोन ठिकाणी खाडाखोड करण्यापेक्षा हे सुटसुटीत आहे.

कागदाशिवायची वाटही जोडीला द्या. वाणी उरलेले पैसे देताना वजाबाकी करत नाही, पुढे मोजत जातो. सत्तावीसला तीन दिले तीस, वीस दिले पन्नास, दोन दिले बावन्न. तीन, वीस आणि दोन: पंचवीस. आडवी रेघ मारून त्यावर या तीन उड्या काढायला लावा. "किती जास्त", "किती कमी पडतात" अशा प्रश्नांना ही रीत जास्त शोभते, कारण तिथे काढून घेणं घडतच नसतं.

सहावी पायरी: पाढे

बे एके बे, बे दुणे चार ही लय मराठी मुलाला मिळालेली ठेव आहे, ती सोडू नका. एकेकाळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचेही पाढे शाळेत म्हणून घेत. पण लय आहे म्हणून अर्थ आहे असं नाही. सात आठे विचारल्यावर जे मूल सात एके सातपासून सुरू करतं, त्याने गाणं पाठ केलंय, गुणाकार नाही.

आधी सारखे गट आणि ओळी बघायला शिकवा: लादीपावाच्या लादीतल्या ओळी, अंड्यांचा तीसचा ट्रे, समोरच्या इमारतीच्या खिडक्या, फरशीच्या लाद्या. ट्रे आडवा धरला तर पाच ओळी सहाच्या, उभा धरला तर सहा ओळी पाचाच्या. एकूण तेवढेच. एवढं कळलं की पाठांतराचं ओझं निम्म्याने उतरतं. दहापर्यंतच्या शंभर गुणाकारांपैकी जोड्या एक धरल्या तर पंचावन्न उरतात. त्यातले एक, दोन, पाच आणि दहाचे काढले की फक्त एकवीस. ते एकवीस कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा, आठवड्याला तीन खोडा.

क्रम दोन, दहा, पाच असा घ्या. मग चार, म्हणजे दोनची दुप्पट. मग तीन आणि त्याची दुप्पट सहा. नऊ म्हणजे दहापेक्षा एक घर कमी: नऊ साते म्हणजे सत्तर वजा सात. आठ म्हणजे चारची दुप्पट. सात शेवटी, तोवर त्यात नवीन असं फक्त सात साते एकोणपन्नास उरतं. पाढा सरळ म्हणून घेण्याबरोबर मधूनच विचारा आणि उलटाही विचारा: "छप्पन्न कुणाकुणाचं?"

दोन अंकी गुणाकारात दुसऱ्या ओळीचं शून्य किंवा फुली विसरणं सर्रास चालतं. २३ × १४ साठी चार चौकटी आखा: २० × १० = २००, ३ × १० = ३०, २० × ४ = ८०, ३ × ४ = १२. बेरीज ३२२. आठवडाभर चौकटी, मग उभी मांडणी. आता ती फुली म्हणजे दहाने गुणल्याचं शून्य आहे हे मूल स्वतःच सांगेल.

सातवी पायरी: भागाकार

बारा चॉकलेटं तिघांत वाटणं आणि बारा चॉकलेटांच्या तीन-तीनच्या पुड्या बांधणं, दोन्ही १२ ÷ ३ च. मुलांना पहिलं येतं, दुसरं दाखवलेलंच नसतं. दोन्ही चिंचोक्यांनी करून घ्या.

६१५ ÷ ३ ला २५ उत्तर देणारं मूल एकाला तीनने भाग जात नाही म्हणून पुढे सरकतं आणि शून्य लिहायचं राहतं. इथेही अंदाज आधी: सहाशेला तीनने भागलं तर दोनशे, मग उत्तर पंचवीस असेलच कसं? उलट ताळा करायला लावा, २५ × ३ = ७५.

बाकीचा अर्थ उदाहरणावर ठरतो. वीस माणसं, एका रिक्षात तीन. ६ उरले २ हे गणित बरोबर, पण रिक्षा सात लागतात. वीस रुपयांत तीन रुपयांच्या किती पेन्सिली? तिथे मात्र सहाच. हे दोन प्रश्न शेजारी शेजारी विचारा.

अपूर्णांक, थोडक्यात

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मराठी मुलाला आधीच ऐकून माहीत असतात, हा मोठा फायदा आहे. अडचण एवढीच की मुंबईच्या मुलाला पाव म्हटलं की वड्याबरोबरचा आठवतो. पाव किलो, अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी, सव्वा नऊची गाडी हे घरात मुद्दाम बोला. पावणेदहा म्हणजे दहा वाजून पंचेचाळीस असं सांगणारी मुलं भरपूर आहेत. पावणे म्हणजे पाव कमी हे एकदा घड्याळाच्या काट्यांवर दाखवून द्या.

कागद घडी घालून दोन, चार, आठ भाग करा. १/८ हा १/४ पेक्षा मोठा वाटतो, कारण आठ मोठे दिसतात. एकच पोळी चौघांत वाटली तर वाट्याला जास्त येईल की आठांत? भुकेल्या मुलाला हे चटकन कळतं. भाग सारखे हवेत यावर अडून बसा.

शाब्दिक उदाहरणं

'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, अशा खुणा शिकवू नका. "सीमाकडे १२ गोट्या आहेत, त्या राजूपेक्षा ५ ने जास्त आहेत, राजूकडे किती?" यात 'जास्त' वाचून मूल सतरा सांगतं. त्याऐवजी आकडे झाकून उदाहरण वाचा. काय घडलं ते मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगायचं, मग चित्र किंवा पट्टी काढायची, मग आकडे उघडायचे. दिवसाला एकच उदाहरण घ्या, पण असं सावकाश.

रोजचं वेळापत्रक आणि वही

आठवड्यातून पाच दिवस, पंचवीस मिनिटं. रविवारी दोन तास बसवून त्याची भरपाई होत नाही. पाच मिनिटं तोंडी, दहा मिनिटं काड्या-चिंचोके-कार्ड, सात मिनिटं वही, उरलेल्यात एक शाब्दिक उदाहरण किंवा फाशांचा खेळ. वहीत सहा-आठ गणितं भरपूर झाली. तारीख, पायरी आणि मुलाने केलेली चूक जशीच्या तशी टिपून ठेवा. ३५, ६१५, १००५ असे आकडे वहीत पुन्हा पुन्हा आले की पुढे काय शिकवायचं ते वहीच सांगते.

दोन आठवडे एकाच जागी मूल हललं नाही तर एक पायरी खाली उतरा. तीन-चार महिने नेमाने करूनही दहाच्या आतली बेरीज रोज नवी वाटत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग वर्गशिक्षकांशी बोला. गणितातली अध्ययन अक्षमता ही खरी गोष्ट आहे, आळस नव्हे. मुंबईत सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय आणि नायर रुग्णालय इथे अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. जाताना ही वही बरोबर न्या. "गणितात कच्चा आहे" या वाक्यापेक्षा चार महिन्यांच्या तारखांसह लिहिलेल्या चुका तिथल्या डॉक्टरांच्या जास्त उपयोगी पडतात.

आणि पहिल्या दिवशी घेतलेली पंधरा मिनिटांची चाचणी दर महिन्याला त्याच क्रमाने, फक्त आकडे बदलून घेत राहा.